लांब नाकाचे लाल गृहस्थ

माझा वाद जपानशी नाही. माझा वाद आहे तो शिरूरपासून दौंडपर्यंत मोबाइल हातात धरून रागावणाऱ्या तमाम सुशिक्षित जनतेशी. ही मंडळी रागावली की शब्द वापरत नाहीत, एक लालभडक तोंड पाठवतात. भुवया कपाळाला चिकटलेल्या, मिशा झुबकेदार आणि नाक असं, की पडसं झालंच तर रुमालाऐवजी पंचा लागावा. नळाला पाणी नाही, लाल तोंड. दौंडला गाडी रखडली, लाल तोंड. भाचीने कॉमर्सला प्रवेश घेतला, तिच्या काकांचं लाल तोंड. (अस्मादिक बी.कॉम. असल्याने हे मी वैयक्तिक घेतलं.)

बरं, हे गृहस्थ कोण, याची कुणी चौकशी केली? ज्याचं खातं उघडायचं त्याची ओळख विचारणं हा आमचा धर्म, म्हणून मी केली. नाव तेंगू, मुक्काम जपानातले डोंगर. क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावरच्या तेंगूने योशित्सुने नावाच्या वीराला लहानपणी तलवार शिकवली, अशी तिकडची कथा. म्हणजे क्लासवाले मास्तरच म्हणा ना! आणि ते नाक रागाचं नव्हे, गर्वाचं. जपानीत एखादा 'तेंगू झाला' म्हणजे शेफारला. तेव्हा लाल तोंड पाठवणारा समोरच्याला दटावत नसतो. तो स्वतःचा फोटो पाठवत असतो!

दुसरा शिंगवाला, सुळेवाला, तो ओनी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुनच्या दिवशी जपानी माणसं भाजलेले सोयाबीन फेकून त्याला घराबाहेर काढतात आणि भाग्याला आत बोलावतात. पण त्याचंच तोंड कौलावर बसवून घराची राखणही त्याच्याकडून करून घेतात. हा हिशोब आपल्याला कळायला हरकत नाही. आपणही पाडव्याला इडापीडा घालवतो आणि राज्य मागतो ते बळीचं, म्हणजे एका असुराचंच. हे दोघे 2010 साली युनिकोडमध्ये शिरले आणि जगभरच्या मोबाइलमध्ये पोचले. सोबत त्यांची गोष्ट मात्र आली नाही.

आणि असुरांची टंचाई आमच्याकडे कधी होती हो? शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला त्रिपुरासुराची कथा. दौंडहून भीमा ओलांडून सिद्धटेकला जा, तिथे मधु-कैटभ. पण त्या प्रत्येकाला नाव आहे, काय केलं ते ठाऊक आहे, शेवट कसा झाला तेही ठाऊक आहे. नुसतं तोंड दाखवून कुणी पळून गेलेलं नाही.

एवढ्याने मी लेखणी उचलली नसती. पण गेल्या महिन्यात न्हावऱ्याकडचा एक शेतकरी काउंटरवर आला. कर्ज आमचं नव्हे, दुसरीकडचं. दोन हप्ते थकलेले. वसुलीच्या पोराने रात्री अकरा वाजता त्याला मेसेज पाठवला होता. त्यात अक्षर एक नाही, फक्त ते लाल तोंड, ओळीने पाच वेळा. "सायेब, ही जप्तीची खूण आहे का?" त्याने विचारलं. घरात कुणी म्हणालं जप्ती, कुणी म्हणालं करणी. बायकोने उंबऱ्यावर लिंबू ठेवलं होतं. माणूस दोन रात्री झोपला नव्हता.

इथे माझा विनोद संपतो. नोटीस कितीही कडक असो, तिच्यावर तारीख असते, रक्कम असते, खाली सही असते. माणूस ती वकिलाला दाखवू शकतो, मुदत मागू शकतो, भांडू शकतो. तोंडाला उत्तर काय देणार? आणि उद्या विचारलं तर पाठवणारा हात झटकणार, "अहो, गंमत केली!" धमकीची धमकी, आणि लेखी पुरावा शून्य. 'डोळे वटारणे' हे आपल्याकडे निदान समोर उभं राहून करायचं काम होतं.

मी त्याला म्हटलं, "दादा, लिहा. हप्ता किती, व्याज किती, मुदत कधीपर्यंत, लेखी कळवा." त्याने एकेक अक्षर शोधून माझ्यासमोरच लिहिलं आणि पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. एक पिवळा अंगठा.

आमच्याकडे अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेतात. मी त्याला सांगितलं, "पुन्हा तेच पाठवा."