विश्लेषण : बर्ड फ्लूचा विषाणू कोंबडीची प्रतिकारशक्ती कशी बंद पाडतो?

नंदुरबार जिल्ह्याला बर्ड फ्लू नवा नाही. देशातील ‘एच५एन१’चा पहिला उद्रेक १८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापुरात निश्चित झाला. २०२१ मध्येही तेथील लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. पण प्रश्न फक्त नवापूरच्या पोल्ट्रींचा नाही. खापर परिसरातील पाड्यांवर अंगणात फिरणाऱ्या गावरान कोंबड्यांनाही तोच धोका आहे. हा विषाणू इतक्या वेगाने कसा मारतो?

शरीराची घंटा कोण बंद करतो?
विषाणू शिरताच पेशी ‘इंटरफेरॉन’ हे प्रथिन सोडते. शेजारच्या पेशींसाठी ती धोक्याची घंटा असते. फ्लूचा विषाणू त्यावर ‘एनएस१’ हे प्रथिन वापरतो. ते विषाणूचा आरएनए झाकते, त्यामुळे पेशीला घुसखोर ओळखणे अवघड जाते. शिवाय इंटरफेरॉन तयार करण्याचा पेशीचा संदेशही ते अर्धवट ठेवते. घंटा वाजेपर्यंत विषाणूच्या असंख्य प्रती तयार झालेल्या असतात.

बदक वाचते, कोंबडी का मरते?
विषाणूचा आरएनए ओळखणारे ‘रिग-आय’ हे प्रथिन बदकांत असते, कोंबड्यांत नसते. त्यामुळे कोंबडीचा पहारा मुळातच कमकुवत. बदक मात्र अनेकदा आजारी न दिसताही विषाणू पसरवते. म्हणूनच पाणवठ्यावरील बदके आणि अंगणातील कोंबड्या एकत्र येऊ न देणे महत्त्वाचे.

याचा उपयोग काय?
‘एनएस१’ काढून टाकलेला विषाणू निरोगी पेशीत नीट वाढू शकत नाही, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. अशा दुबळ्या विषाणूपासून लस बनवण्यावर संशोधन सुरू आहे. मात्र आजाराची खात्री झाल्यावर सध्या १ किलोमीटर परिघातील पक्षी नष्ट करणे, हाच मुख्य उपाय आहे.

पशुपालकांनी काय करावे?
एकाच वेळी अनेक कोंबड्या मेल्यास त्या उघड्यावर किंवा नाल्यात फेकू नयेत, खाऊ नयेत, बाजारात नेऊ नयेत. उघड्या हाताने न हाताळता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर कळवावे. नुकसान होईल या भीतीने माहिती लपवली, तर विषाणूला हवा असलेला वेळच मिळतो. पेशीत तो वेळ ‘एनएस१’ मिळवून देते. गावात तो आपण देऊ नये.