कार्डावर लिहिलंय, पण घरच्यांना कळलं का?

माझं मेडिकल आहे. लोक औषधाच्या चिठ्ठीबरोबर डिस्चार्ज कार्डही पुढे करतात. "भाऊ, काय लिहिलंय, जरा सांगा ना."

मागच्या महिन्यात एक ताई आल्या. सासऱ्यांना झटका येऊन गेलेला. कार्डावर : राइट हेमिप्लेजिया, मोटर अफेजिया, पॉवर १/५. घरी सगळ्यांचा समज असा, की बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्यांना आता काही कळत नाही. म्हणून त्यांच्या खाटेशेजारी बसूनच जमिनीच्या वाटण्यांची चर्चा चाललेली.

त्यांना सांगितलं, ताई, मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली, म्हणून उजवं अंग गेलं आणि बोलणं अडकलं. मोटर अफेजिया म्हणजे शब्द बाहेर येत नाही, पण समोरच्याचं बरंचसं कळत असतं. ताई गप्पच झाल्या. बाबा सगळं ऐकत होते.

आयसीयूबाहेरही तेच. "जीसीएस १५ पैकी ३" ऐकून नातेवाइकांना वाटतं, ३ तरी आहेत, शून्य नाही. पण ती मोजणी सुरूच ३ पासून होते. त्याच्या खाली आकडा नाही. हे कोणी सांगत नाही.

डॉक्टरांना दोष देत नाही. एका डॉक्टरचं निदान दुसऱ्याला नेमकं कळायला हे शब्द लागतातच. ओपीडीतली गर्दीही आपण बघतोच. आणि नुसतं मराठी करून भागणार नाही. अफेजियाला 'वाचाघात' लिहिलं तर किती जणांना कळेल?

आपले घरचे शब्दही धोक्याचे आहेत बरं का. "वारं गेलं" म्हटलं की आधी तेल चोळतात, मग कोणीतरी देवऋषाकडे नेतं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. तेलात दोन तास गेले, की उरलं काय?

म्हणून मागणी एवढीच. कार्डाच्या शेवटी साध्या मराठीत चार ओळी छापील असाव्यात : काय झालंय, पेशंटला काय कळतं, घरी काय करायचं, कधी धावत यायचं. रिकाम्या जागा भरायला दोन मिनिटं पुरतील. सरकारी दवाखान्यांपासून सुरुवात करा.

तोवर आपण एवढं पाठ करू : तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. तेलाची बाटली नंतर.

तुमच्या घरच्या कार्डावर असा न कळलेला शब्द असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना विचाराच. लाजू नका. तो तुमचा हक्क आहे.