न वाजवण्याचा अधिकार

आपल्या वसतिगृहात मी दोन प्रकारची शांतता अनुभवली. एक अभ्यासिकेतली. वर्गप्रमुख खडू घेऊन फळ्यापाशी उभा राही आणि बोलणाऱ्यांची नावे लिही. नावांपुढे फुल्या वाढत जात. दुसरी सायंकाळच्या वंदनेनंतरची. पाच मिनिटे डोळे मिटून बसायचे. पावसाळ्यात विष्णुपुरीच्या धरणाचे दरवाजे उघडलेले असले, की त्या पाच मिनिटांत गोदावरीचा घनगंभीर नाद खिडकीतून आत येई. तो दिवसभर असेच. ऐकू मात्र तेव्हाच येई. दोन्ही वेळा आम्ही सारखेच गप्प होतो. तरीही त्या दोन शांतता एक नव्हत्या, हे उमगायला पुढे बरीच वर्षे जावी लागली, आणि ते उमगले एका अमेरिकन संगीतकारामुळे.

२९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकजवळच्या एका लाकडी सभागृहात डेव्हिड ट्यूडर हा वादक पियानोसमोर बसला. त्याने घड्याळ जवळ ठेवले, पट्ट्यांवरचे झाकण मिटले आणि तो स्वस्थ राहिला. रचनेचे तीन भाग होते; प्रत्येक भाग संपला की झाकण उघडायचे, पुढचा सुरू झाला की मिटायचे. चार मिनिटे तेहतीस सेकंदांत एकही स्वर वाजला नाही. रचनाकार होता जॉन केज. बाहेर झाडांतून वारा वाहत होता, मध्येच छपरावर पाऊस पडला, शेवटी लोकांची कुजबुज सुरू झाली आणि काही जण उठून गेले. केजच्या मते तेच त्या दिवशीचे संगीत होते. हार्वर्ड विद्यापीठातील ध्वनिशोषक खोलीत आपल्याच शरीराचे दोन आवाज ऐकल्यापासून संपूर्ण शांतता अशी काही नसतेच, या निष्कर्षाला तो आला होता.

हा परदेशी विक्षिप्तपणा आहे, असे म्हणून पान उलटणाऱ्या वाचकाला एवढेच सांगतो, की त्यामागे आपल्याकडचाही हात आहे. १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई पाश्चात्त्य संगीत शिकायला न्यूयॉर्कला गेल्या होत्या. त्यांनी केजकडून त्याची विद्या घेतली आणि आपली त्याला दिली. संगीताचे प्रयोजन मन शांत करणे हे आहे, ही आपल्या गुरूंची शिकवण त्यांनीच त्याला सांगितली. पुढे झेन बौद्ध विचारवंत डी. टी. सुझुकी यांच्या व्याख्यानांना तो जाऊन बसू लागला. आणि आपल्या तालात तरी निराळे काय आहे? तीनतालाच्या सोळा मात्रांत नवव्या मात्रेवर टाळी नसते, हात नुसता हवेत जातो. तिला आपण ‘खाली’ म्हणतो. तिच्या सुमारास डग्ग्याची घुमार थांबते, आणि त्या रिकामेपणामुळेच गाणाऱ्याला समेची चाहूल लागते.

त्याच काळात देवासमध्ये आणखी एक मौन चालू होते. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले आणि मुंबईत देवधर मास्तरांकडे घडलेले कुमार गंधर्व क्षयाने अंथरुणाला खिळले होते. गाण्याला वैद्यकीय मनाई होती. ती काही वर्षे त्यांनी ऐकण्यात घालवली. माळव्यातील बायकांची लोकगीते खिडकीतून कानी पडत राहिली. बरे होऊन ते मैफलीत परतले तेव्हा गाणे बदललेले होते. एक फुप्फुस निकामी झाल्याने दीर्घ, अखंड तानांची जागा लहान, टोकदार स्वरवाक्यांनी घेतली होती, आणि त्या वाक्यांमध्ये विराम होते. ते विराम निव्वळ श्वास घेण्यापुरते होते, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिथे राग थांबत नाही. तो ऐकणाऱ्याच्या मनात पुढे सरकतो. लोकधुनांतून त्यांनी नवे रागही रचले. (केज आणि कुमार, दोघेही १९९२ साली गेले. योगायोगच, दुसरे काय.)

इथपर्यंत लिहिणे सोपे होते. पण या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मौनाचे गोडवे गाताना माझा हात अडखळतो. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक काढले, त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. ज्यांच्या तोंडाला शतकानुशतके कुलूप होते त्यांचे मुकेपण कोणत्याही रसिकाला संगीत वाटले नसते, आणि वाटले असते तर तो रसिक निर्दय म्हणावा लागला असता. १९७८ च्या ऑगस्टमध्ये नामांतराच्या वणव्यात आपल्याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. आवाज गप्प करण्याची किंमत आपल्या मुलखाला पुस्तकातून शिकावी लागलेली नाही.

मग भेद कशात आहे? ट्यूडरला पियानो वाजवता येत होता, आणि पियानो त्याच्यासमोर होता. कुमारांच्या गळ्यात आधीपासून सूर होता. त्यांचे मौन आजाराने लादले, माणसांनी नव्हे. ज्याला वाजवता येते आणि वाजवण्याची मोकळीक आहे, त्याच्याच न वाजवण्याला अर्थ येतो. ज्याला वाद्याजवळ येऊच दिले नाही, त्याची शांतता म्हणजे फळ्यावरच्या फुल्यांची शांतता.

अशी एक अर्थपूर्ण शांतता आपल्या वाडवडिलांनीही रचली आहे. तिची नोंद संगीताच्या कुठल्या इतिहासात होईल असे वाटत नाही. माझे आजोबा पोळ्याला वेशीत हलगी वाजवत. ते गावकीचे काम होते. कौतुक हलगीचे होई, वाजवणाऱ्याला मात्र लांब उभे राहावे लागे. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांतल्या लोकांनी असली कामे सोडली. आजोबांनीही हलगी खुंटीला टांगली. त्या वर्षी पोळ्याची मिरवणूक निघाली, बैल सजले होते, आणि हलगी वाजली नाही. वुडस्टॉकच्या श्रोत्यांइतकेच गावकरीही चिडले असतील. पण त्या दिवशी वेशीत जे ऐकू आले ते गावाने त्याआधी कधी ऐकले नव्हते. केजचे नाव आमच्या घरात कुणाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

ती शांतता शेवटची नव्हती, हे महत्त्वाचे. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत वाद्ये वाजतच होती, आता स्वतःच्या शब्दांसाठी. आज जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात. ज्यांचे आवाज दाबले गेले त्यांना मोठ्या आवाजाची ओढ वाटावी, हे मला समजते. वरच्या आळीतून येणारी नापसंती मला त्या आवाजापेक्षा जास्त खटकते. तरीही एक तक्रार आहेच. त्या भिंतीपुढे आपल्या मुलांपैकी कुणी काही वाजवत नसते. ध्वनी भाड्याचा असतो, आणि हात रिकामे.

म्हणून माजी विद्यार्थी संघाकडे माझी एक मागणी आहे. या वर्षीच्या निधीतून कमान किंवा कोनशिला उभारू नये, वाद्ये घ्यावीत. एका पेटीभोवती चाळीस मुले हा संगीताचा तास नव्हे. प्रत्येक मुलाच्या हाताला आठवड्यातून निदान दोनदा वाद्य लागले पाहिजे. वंदनेनंतरची पाच मिनिटे तशीच राहू द्यावीत. आणि शिक्षकांना विनंती, की अभ्यासिकेतल्या फळ्यावर नावे लिहिण्याची पद्धत आता बंद करावी.

आजोबांची हलगी अजून माझ्याकडे आहे. कातडे फाटले आहे, ते नवे चढवून घेतो आणि शाळेला देतो. वाजवण्याआधी ती विस्तवावर शेकावी लागते, एवढे मात्र मुलांना कुणीतरी दाखवावे लागेल. मी येईन.