लायसन आहे, पण कोणत्या गाडीचे?

6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एक निकाल दिला. हलके मोटार वाहन चालवण्याचा परवाना ज्याच्यापाशी आहे त्याला, काही अपवाद वगळता, साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवण्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही, हा त्याचा मथितार्थ. 2017 साली मुकुंद देवांगण खटल्यात तीन न्यायमूर्तींनी हेच सांगितले होते. विमा कंपन्यांना ते रुचले नव्हते, म्हणून प्रकरण वर गेले आणि तेथेही कंपन्यांच्या पदरी निराशाच आली. काळी-पिवळी हाकणारे, भाजीपाल्याची पिकअप नेणारे अशा लाखो चालकांना दिलासा देणारा हा निकाल आहे आणि तो योग्यच आहे, असे माझे मत आहे.

पण दिल्लीचा निकाल मानोऱ्यापर्यंत पोहोचता पोहोचता त्याला वाटेत पाय फुटले. चहाच्या टपरीवर माझ्या कानांवर आला तो असा : ‘‘आता एका लायसनवर सप्पा गाड्या चालतेत भाऊ, कोर्टानंच सांगतलं!’’

सप्पा गाड्या चालत नाहीत. निदान आपल्या दारात उभी असते ती फटफटी तर नाहीच. मोटार वाहन कायदा 1988 चा. तो 1 जुलै 1989 पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात वाहनांचे वर्ग दिले आहेत : बिनगिअरची मोटारसायकल, गिअरची मोटारसायकल, हलके मोटार वाहन, परिवहन वाहन वगैरे. घटनापीठापुढचा प्रश्न हलके वाहन आणि परिवहन वाहन यांच्यातल्या कुंपणाचा होता. दुचाकीचे आवार वेगळे आहे आणि त्याच्या कुंपणाला कोणी हात लावलेला नाही. मोटार, जीप, लहान ट्रॅक्टर यांचा परवाना खिशात असला तरी मोटारसायकलची नोंद त्यावर नसेल, तर कायद्याच्या नजरेत तो माणूस मोटारसायकलवर विनापरवानाच बसलेला असतो.

हा तांत्रिक किस आहे, असे वाटणाऱ्यांनी आमच्या तालुक्यात एक फेरी मारावी. मानोरा हा वाशिम जिल्ह्यातला कास्तकारांचा तालुका. 1 जुलै 1998 रोजी वाशिम जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही अकोल्याचे. त्यामुळे साठीकडे झुकलेल्या अनेकांपाशी अजून अकोल्याचे जुने पुस्तकी लायसन कपाटात सापडते. त्या काळी गावात दहा-पाच राजदूत, दूधवाल्यांच्या एम-एटी आणि मास्तरांची लुना, एवढाच दुचाक्यांचा संसार. लायसन काढले जायचे ते ट्रॅक्टरसाठी किंवा जीपवर पोट भरण्यासाठी. मोटारसायकल शिकायला कोण कोणत्या शाळेत जाणार? ती पांदणीत, मामाच्या नाहीतर मोठ्या भावाच्या गाडीवर, दोन वेळा ढोपर फोडून घेऊन येत असे. आजही तशीच येते. ड्रायव्हिंग स्कूलवाले मोटार शिकवतात, कारण फी मोटारीची मिळते. मग परवान्यावर शिक्का मोटारीचा आणि आयुष्य सगळे मोटारसायकलवर, अशी माणसे निपजतात. दुसरीकडे बिनगिअरच्या स्कूटरची परीक्षा देऊन लायसन मिळवलेल्या मुली-सुना आहेत. घरी एकच गाडी असते, तीही नवऱ्याची गिअरची. सासऱ्यांना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर त्या परवान्यावरची अक्षरे वाचत बसणार आहेत काय?

आणि वाचली तरी कळणार कशी? हल्लीच्या कार्डावर वाहनाचा वर्ग इंग्रजी आद्याक्षरांत असतो. एम.सी.डब्ल्यू.जी. म्हणजे गिअरची मोटारसायकल, एल.एम.व्ही. म्हणजे हलके वाहन. मराठी राज्यातल्या माणसाला दिलेल्या सरकारी कागदावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. ज्या घरी हा अंक जाईल तेथे आजच ती अक्षरे पाहून घ्यावीत.

दंडाचे म्हणाल तर पूर्वी 181 व्या कलमाखाली पाचशे रुपयांपर्यंत दंड होता, तुरुंगवासाची तरतूदही होती. 2019 च्या दुरुस्तीने दंड पाच हजारांवर गेला. ज्याची गाडी आहे त्याने अशा माणसाच्या हाती ती दिली तर त्यालाही 180 व्या कलमाखाली पाच हजार. ‘जरा गाडी दे रे, आलोच’ या वाक्यावर आपला निम्मा गावगाडा चालतो, त्यामुळे हे दुसरे कलम पहिल्यापेक्षा जास्त घरांत शिरते. तरीही दंड ही यातली लहान बाब आहे. पाच हजार रुपये कसेही उभे करता येतात.

खरे संकट अपघातानंतर येते. समजा, एखादा शेतकरी मोटारसायकलवरून मंगरूळपीरकडे निघाला आणि त्याच्या धडकेने पायी जाणारा माणूस दगावला. गाडीचा विमा चालू आहे, हप्ता वेळेवर भरलेला आहे. मृताचे कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाते. विमा कंपनीचा वकील पहिल्यांदा परवाना मागतो आणि त्यावर ट्रॅक्टर-मोटारीचीच नोंद आढळते. सर्वोच्च न्यायालयापुढे 2008 मध्ये आलेल्या झहरुलनिसा प्रकरणात नेमका असाच पेच होता. त्या स्कूटर चालवणाऱ्यापाशी परवाना होता, आणि तोही अवजड वाहनाचा! ट्रक हाकू शकणारा माणूस स्कूटर चालवू शकत नाही, हे सांगताना आपल्यालाच हसू येईल. पण वर्ग वेगळा तो वेगळाच, असे न्यायालयाने म्हटले. कंपनीने भरपाईची रक्कम मृताच्या वारसांना द्यावी आणि मग ती गाडीच्या मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग काढला.

‘आधी द्या, मग वसूल करा’ ही वाट 2004 च्या स्वर्णसिंग खटल्यातल्या निकालाने रुळवलेली आहे. त्या निकालाचा सूर माणुसकीचा होता. परवान्यात केवळ त्रुटी आहे म्हणून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. मालकाने जाणूनबुजून निष्काळजीपणा केला का आणि ती त्रुटी अपघाताला कारणीभूत झाली का, हे तपासले पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. बळी पडलेल्याच्या घरी चूल पेटती राहावी, ही काळजी त्यामागे होती. ती रास्तच आहे. पण त्या व्यवस्थेचे दुसरे टोक मालकाच्या अंगणात येऊन टेकते, कारण वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करता येते. कोरडवाहू कास्तकाराला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सोयाबीन-तुरीच्या चार एकरांवर जगणाऱ्या घरासाठी काही लाखांची वसुली म्हणजे सातबाऱ्यावर आलेले गंडांतर.

मोटारसायकलवर बसलेला स्वतःच गेला तर? 2018 पासून वाहनमालक-चालकाच्या अपघात विम्याची रक्कम पंधरा लाख रुपये झाली आहे. दुचाकीसाठी ती आधी एक लाख होती. ही रक्कम मिळण्याची एक अट मात्र पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असते : मालकापाशी त्या वाहनाचा वैध परवाना हवा. म्हणजे ज्याने हप्ता भरला त्याच्याच बायकोमुलांना, एका नोंदीच्या अभावी, त्या पंधरा लाखांसाठी झगडावे लागू शकते. हप्ता घेताना मात्र परवाना कोणी पाहत नाही.

गाडी विकतानाही पाहत नाहीत. मोटारसायकल विकत घ्यायला किंवा तिची नोंदणी करायला परवाना लागत नाही. मालक स्वतः गाडी चालवेलच असे नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र. गाडीबरोबर हेल्मेट दिलेच पाहिजे असा नियम आहे, पण ते ज्या डोक्यावर बसणार त्याच्यापाशी परवाना आहे का, हे विचारण्याची तसदी नाही. दसऱ्याला हार घालून, पेढे वाटून गाडी बाहेर पडते आणि सगळी जबाबदारी पुढच्या नाक्यावरच्या हवालदाराच्या गळ्यात पडते.

सोळा वर्षांच्या पोरांची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, पण तो पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठीच. लुनाच्या जमान्यात ही सोय अर्थपूर्ण होती. आज शोरूममध्ये पन्नास सीसीची पेट्रोलची गाडी शोधूनही सापडणे कठीण. मग पालक मुलाला ते लायसन काढून देतात, हाती शंभर-सव्वाशे सीसीची स्कूटर देतात आणि ‘पोराकडे लायसन आहे’ म्हणून निश्चिंत होतात. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या आलिशान मोटारीने दोघांचा बळी घेतल्यावर महाराष्ट्रभर जो संताप उसळला, त्यात असे पालकही हिरिरीने बोलत होते. 2019 च्या दुरुस्तीतले 199-अ कलम त्यांनाही लागू आहे : पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. या कलमापुढे पोर्श आणि पोराची स्कूटर यांत फरक नाही.

नोंद वाढवून घेणे अवघड आहे का? कागदावर नाही. अकराव्या कलमात त्याची सोय आहे. नव्या वर्गासाठी आधी शिकाऊ परवाना घ्यायचा, तीस दिवस थांबायचे, सहा महिन्यांच्या आत परीक्षा द्यायची. 2021 पासून शिकाऊ परवाना आधारच्या जोरावर घरबसल्या मिळतो. पक्क्या परीक्षेसाठी मात्र परिवहन कार्यालयापुढे गाडीसह उभे राहावे लागते. आमच्यासाठी ते वाशिम, म्हणजे जाता-येता शंभर किलोमीटरहून अधिक. शिकाऊ चिठ्ठीवर एकट्याने गाडी नेणे कायद्यात बसत नाही, सोबत परवानाधारक हवा, म्हणजे दोन माणसांची एक दिवसाची मजुरी बुडाली. काम दलालाशिवाय होतच नाही अशी समजूत गावात पक्की आहे, तिचा खर्च वेगळा. पेरणी-सवंगणीच्या दिवसांत हा हिशेब करून माणूस म्हणतो, पाहू पुढे.

तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे भरवण्याची पद्धत परिवहन खात्यात आहे. तिचा उपयोग नव्या परवान्यांइतकाच जुन्यांवर नोंद वाढवण्यासाठी व्हावा, हे मला पटते. पंचवीस वर्षे जीप हाकलेल्या माणसाला शिकाऊ परवान्याचा महिना कशाला, हा प्रश्नही शासनाला विचारण्यासारखा आहे. मोटारीला तोल सांभाळावा लागत नाही, मोटारसायकलला लागतो, म्हणून परीक्षा जरूर घ्या. पण त्याच दिवशी घ्या. शिबिराला मुहूर्त हवा असेल तर रामनवमीच्या आधीचा पंधरवडा आहे. त्या दिवसांत पोहरादेवीकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर, एकेका गाडीवर तिघे-तिघे बसून, राज्याच्याच नव्हे तर परराज्यांतल्या तांड्यांमधूनही माणसे येतात, आणि बंदोबस्ताला पोलीस व परिवहनचे अधिकारी तसेही मानोऱ्यातच असतात.