चिखलीतले 36 बंगले पडले; पण ती रेषा खरेदीच्या आधी का दिसली नाही?

17 मे 2025, शनिवार. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत इंद्रायणीच्या काठावर महापालिकेचे जेसीबी पोहोचले आणि तिथले 36 बंगले जमीनदोस्त करण्यात आले.

कारण होतं एक रेषा. हे बंगले इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत होते. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2024 मध्येच ते पाडायचे आदेश दिले होते आणि पर्यावरणाच्या नुकसानीपोटी 5 कोटी रुपयांची भरपाईही ठरवली होती. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा नाकारला.

रहिवाशांचं म्हणणं होतं, आम्ही रीतसर पैसे मोजून जागा घेतली, वीज मिळाली, करही भरला. मग चूक आहे हे आम्हाला आधी कुणी सांगितलं का नाही?

हा प्रश्न फक्त त्या 36 कुटुंबांचा नाही. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

निळी रेषा म्हणजे काय?

साधारण 25 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराचं पाणी जिथवर पोहोचतं, ती निळी पूररेषा. 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी आणि निळी रेषा यांच्या मधला भाग निषिद्ध, तिथे बांधकाम नाही. निळी ते लाल हा भाग नियंत्रित, तिथे अटी घालून परवानगी मिळू शकते.

"25 वर्षांतून एकदा" याचा अर्थ 25 वर्षं निर्धास्त, असा मात्र नाही. तसा पूर कोणत्याही एका वर्षी यायची शक्यता 4 टक्के असते, एवढाच त्याचा अर्थ.

माहिती होती, पण कुणाकडे?

खरी गोम इथे आहे. पूररेषा आखतो जलसंपदा विभाग. सातबारा महसूल विभागाचा. जमिनीची मोजणी आणि गटाचा नकाशा भूमी अभिलेखचा. विकास आराखडा महापालिकेचा, हद्दीबाहेर पीएमआरडीएचा. वीजजोड महावितरणचा. खरेदीखताची नोंद दुय्यम निबंधकाकडे.

सातबाऱ्यावर जमीन कुणाच्या नावावर आहे, क्षेत्र किती, बोजा कुणाचा, हे कळतं. ती पूररेषेत आहे का, हे सहसा कळत नाही. म्हणजे कोरा सातबारा हातात असूनही माणूस नदीच्या पात्रालगतची जागा विकत घेऊ शकतो.

कराची पावती तर आणखी फसवी. अनधिकृत बांधकामालाही कर लावायची तरतूद कायद्यातच आहे आणि कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. पिंपरी-चिंचवडकरांना हे वेगळं सांगायला नको. अनधिकृत घरांवरचा शास्तीकर हा इथल्या निवडणुकांमधला कित्येक वर्षांचा मुद्दा होता, 2023 मध्ये सरकारने थकीत शास्ती माफ केली. घर उभं आहे हे कर विभागाला ठाऊक होतं, तो दंडही आकारत होता. पण तेच घर कोणत्या रेषेत येतं, हे त्या बिलावर दिसत नव्हतं.

चूक फक्त सामान्य माणसाचीच होते का?

नाही. निगडीच्या सेक्टर 22 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसनासाठी खुद्द महापालिकेने जेएनएनयूआरएम योजनेतून इमारती उभारायला घेतल्या. ती जागा देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवतीच्या रेड झोनमध्ये येते, हा मुद्दा न्यायालयात गेला आणि काम अडकलं. बांधून झालेली घरं वर्षानुवर्षं रिकामी राहिली.

इथला रेड झोन आणि लाल पूररेषा यांचा एकमेकांशी संबंध नाही. रेड झोन 1903 च्या संरक्षणविषयक कायद्यातून येतो. देहूरोड डेपोभोवती ही हद्द 2000 यार्ड, म्हणजे सुमारे 1.8 किलोमीटर आहे. तळवडे, रुपीनगर, यमुनानगर, निगडीच्या लोकांना हा शब्द तोंडपाठ आहे.

गंमत म्हणजे, ही हद्द गुप्त नव्हती. पण योजना आखताना तिचा नकाशा आणि घरांचा नकाशा एकमेकांवर ठेवून कुणी पाहिला असता, तर पाया खोदायच्या आधीच प्रश्न पुढे आला असता.

मग उपाय काय? नकाशांचे थर

जीआयएस हा शब्द जड वाटतो, पण कल्पना साधी आहे. बटर पेपरवर पूररेषा काढा, दुसऱ्यावर रेड झोन, तिसऱ्यावर जमिनींचे गट, चौथ्यावर जलवाहिन्या. सगळे एकावर एक ठेवा. कोणत्या गटावर काय येतं, ते डोळ्यांना दिसतं. संगणकावर हेच काम काही सेकंदांत होतं.

देशपातळीवर हा प्रयोग 13 ऑक्टोबर 2021 ला पीएम गतिशक्ती नावाने सुरू झाला. रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या, जंगलं असे वेगवेगळ्या मंत्रालयांचे थर एका मंचावर आणायचे आणि प्रकल्पाचा मार्ग कागदावर असतानाच अडथळे शोधायचे, असा हेतू. मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आलं. खोदणाऱ्याने आधी कळवायचं, म्हणजे जमिनीखाली ज्याची केबल किंवा पाइप आहे तो सावध होतो. देशात दरवर्षी खोदकामात सुमारे 10 लाख ठिकाणी ऑप्टिकल फायबर तुटते आणि 3000 कोटींचं नुकसान होतं, असं तेव्हा केंद्र सरकारने सांगितलं होतं.

चाकणला याची गरज जास्त का?

कारण इथे मालक अनेक आहेत. एमआयडीसीच्या हद्दीत नियोजन प्राधिकरण एमआयडीसी. तिथून बाहेर पडलं की पीएमआरडीए. मध्ये चाकण नगरपरिषद. महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. राज्याची 2020 ची एकत्रित बांधकाम नियमावली एमआयडीसीच्या क्षेत्राला लागू नाही, म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन नियमावल्या.

ओढ्याला मात्र ही हद्द कळत नाही. कारखान्याच्या आवारात बुजवलेल्या नाल्याचं पाणी खालच्या गावात शिरतं. हिंजवडीत 2025 च्या पावसाळ्यात आयटी पार्कचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा अडवलेल्या नैसर्गिक प्रवाहांची चर्चा झाली. पाणी साचल्यावर.

आता नाशिक फाटा ते खेड हा 30 किलोमीटरचा आठ पदरी उन्नत मार्ग यायचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये त्याला मंजुरी दिली, खर्च 7827 कोटी. अशा मार्गाचा प्रत्येक खांब जमिनीत कुठेतरी उतरतो. त्या 'कुठेतरी'खाली एमआयडीसीची जलवाहिनी, महावितरणची केबल किंवा एमएनजीएलची गॅसवाहिनी असू शकते. हे आराखड्यात कळलं तर खांब थोडा सरकवता येतो. खोदताना कळलं तर काम थांबतं आणि खाली वाहतूक तुंबते. ती चाकणला आधीच किती तुंबते, हे तिथून रोज जाणाऱ्या कामगारांना विचारा.

पण थर एकत्र केले की झालं का?

इतकं सोपं नाही. पहिली अडचण अचूकतेची. 1:10,000 प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर 5 मीटर. दोन गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये 5 मीटर म्हणजे घर रेषेच्या आत की बाहेर, हाच प्रश्न. गावोगावचे जुने गट नकाशे तर अक्षांश-रेखांशाशी जोडलेलेच नव्हते, त्यामुळे शेजारच्या दोन गावांचे नकाशे कडेला जुळत नाहीत. भूमी अभिलेख विभागाने आता रोव्हरने मोजणी सुरू केली आहे, त्यातून हे हळूहळू सुधारेल.

दुसरी अडचण अधिकाराची. पडद्यावर दिसणाऱ्या नकाशाखाली बहुतेकदा "केवळ माहितीसाठी" असं लिहिलेलं असतं. न्यायालयात चालतो तो सही-शिक्क्याचा कागद.

तिसरी अडचण जास्त अवघड आहे, ती म्हणजे नकाशा पाहायला कुणाला मिळतो. गतिशक्तीचा मंच मुळात सरकारी विभागांसाठी उभा राहिला. ऑक्टोबर 2025 मध्ये त्यातली काही ठरावीक माहिती बाहेरच्यांसाठी खुली झाली. सगळंच खुलं करता येत नाही, याला कारणं आहेत. लष्करी हद्दींचा प्रश्न आहे, शिवाय रस्त्याची आखणी आधी फुटली की दलाल शेतकऱ्याच्या दारात पोहोचतात. पण पूररेषेला यातलं एकही कारण लागू होत नाही. इंग्लंडमध्ये कुणीही पोस्टकोड टाकून आपली जागा कोणत्या पूरक्षेत्रात येते ते घरबसल्या पाहू शकतो. इथेही गट क्रमांक टाकून तेवढंच कळायला हवं, आणि ते सातबाऱ्याच्याच पानावर.

तोवर तुम्ही काय करू शकता?

इसार देण्याआधी महापालिका किंवा पीएमआरडीएच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. अर्जातच पूररेषा, रेड झोन आणि रस्त्याचं आरक्षण यांची माहिती लेखी मागा. जागा नदी-ओढ्याजवळ असेल तर जलसंपदा विभागाकडेही विचारा. मोठ्या प्लॉटिंगमध्ये महारेराचा नोंदणी क्रमांक पाहा आणि सरकारी मोजणी झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

आणि खरेदीखत नोंदलं गेलं म्हणून जागा बांधकामायोग्य आहे, असं समजू नका. दुय्यम निबंधक कार्यालय मुद्रांक शुल्क आणि पक्षकारांची ओळख पाहतं. जागा पूररेषेत आहे का, हा प्रश्न त्या टेबलावर विचारलाच जात नाही.