दुसऱ्याच्या बोटाने मिळणारा हक्क



सरकारी कचेरी आता आपल्या हातातील फोनच्या पडद्यावर येऊन बसली आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती यांसारख्या बहुतेक कामांचा प्रारंभ आज संगणकापुढे होतो. ज्यास डोळे आहेत, ज्याची बोटे चालतात, त्यास ही मोठीच सोय झाली. परंतु ज्यास दृष्टी नाही, ज्याचे हात लुळे आहेत, त्याने काय करावे? २०११ च्या जनगणनेत अपंग बंधुभगिनींची संख्या २ कोटी ६८ लक्ष नोंदली गेली. आपल्याही घरात असा एखादा मुलगा वा वृद्ध माता असू शकेल.

अंध मनुष्य संगणक कसा चालविणार, अशी शंका आपणांस येईल. तो उत्तम चालवितो. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. 'एनव्हीडीए' ही त्यांपैकी एक. ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने २००६ साली तिचे काम आरंभिले, आणि ती विनामूल्य मिळते. तेव्हा अडचण अंधाच्या डोळ्यांत नाही. ती अर्जाची रचना करणाऱ्याच्या बेफिकिरीत आहे. बटणास नाव दिलेले नसेल, तर ही आज्ञावली नुसती 'बटण, बटण' म्हणत राहते. शासननिर्णय कागदाचे छायाचित्र काढून ठेवला असेल, तर तिला तेथे अक्षर म्हणून काही सापडतच नाही. मराठीची कथा तर आणखीच निराळी. युनिकोडपूर्व टंकात लिहिलेला जुना शासननिर्णय डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतो आणि कानांवर मात्र अर्थहीन चिन्हांची खिचडी पडते. त्यावर कडी म्हणजे, चित्रातील वाकडी अक्षरे ओळखून आपण यंत्र नसून माणूस आहोत हे अंधानेच सिद्ध करावयाचे!

मग हा मनुष्य सेवा केंद्रात जातो, शेजाऱ्याची मनधरणी करतो. आपला आधार क्रमांक चारचौघांत उच्चारतो, फोनवर आलेला गुप्त अंक परक्यास सांगतो. अर्जात कोणत्या चौकटीत खूण झाली हे त्यास कळत नाही. परिणाम मात्र त्यालाच भोगावा लागतो. दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या वस्तूस आम्ही हक्क म्हणावयास तयार नाही. 'अपंग' हा शब्द टाकून 'दिव्यांग' हा शब्द सरकारने स्वीकारला, त्यास पैसा लागला नाही. अर्ज सुधारण्यास मात्र लागतो, म्हणूनच तेथे हात आखडतो, असा आमचा संशय आहे.

कायद्याची उणीव आहे असे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील ४२ वे कलम माहिती व दळणवळणाची साधने सर्वांस वापरता येतील अशी व्यवस्था करण्यास शासनास सांगते. परंतु २०१७ च्या नियमांनी या कर्तव्यास केवळ मार्गदर्शनाचे स्वरूप दिले. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांतील १५ वा नियम कायद्याशी विसंगत ठरविला आणि सक्तीचे नियम करण्यास केंद्र सरकारास तीन महिन्यांची मुदत दिली.

त्यानंतरचा, ३० एप्रिल २०२५ चा निकाल तर प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. आम्लहल्ल्यात चेहरा व डोळे होरपळलेल्या स्त्रियांना ओळख पटविण्यासाठी पापण्यांची उघडझाप करण्यास सांगण्यात येत होते. ज्यांच्या पापण्याच जळाल्या, त्यांनी ती कशी करावी? त्यांच्या आणि एका अंध अर्जदाराच्या याचिकांवर न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला व २० निर्देश दिले. जिवंतपणा पडताळण्यास उघडझापेखेरीज अन्य मार्ग असावेत, कागदोपत्री पडताळणीही चालू ठेवावी, ठरावीक काळाने तज्ज्ञांकडून सेवांची तपासणी व्हावी आणि त्या चाचणीत अंध व्यक्तींना सहभागी करून घ्यावे, असे त्यांत आहे. यांतील शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. ज्याचा जोडा त्यासच तो कोठे चावतो हे ठाऊक.

निकाल लागला म्हणून कोणतेही बटण आपोआप बोलू लागत नाही. तेव्हा आपल्या घरातील अपंग व्यक्तीचा अर्ज जेथे अडेल, तेथे तो मुकाट्याने दुसऱ्याकडून भरून घेऊन थांबू नका. कोणती सेवा, कोणता दिवस, कोणत्या पायरीवर अडले, हे लिहून संबंधित खात्यास लेखी कळवा आणि पोच घ्या. उत्तर न आल्यास तीच तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे धाडा. हक्क नाकारल्याची चौकशी करण्याचा अधिकार त्यांस याच कायद्याच्या ८० व्या कलमाने दिला आहे. तक्रारीवर सही किंवा अंगठा मात्र त्या व्यक्तीचाच असू द्या.