नहरीवरून चालून तर बघा!

छत्रपती संभाजीनगरात कॉलेज करणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक ग्रुप असतोच. हॉस्टेलचा, गल्लीचा नाहीतर सोसायटीचा. आणि त्यावर एक प्रश्न ठरलेला असतो, ‘आज पाणी येणार का?’ काही दिवसांआड येणारं पाणी, टँकर, जारचा खर्च, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. आता गंमत बघा. याच गावात चारशे वर्षांपूर्वी ना वीज होती ना पंप, तरी पाणी आपल्या पायाने चालत यायचं.

ही करामत मलिक अंबरची. आफ्रिकेतल्या हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचं आपलं शहर. जवळ मोठी नदी नाही, जमीन खडकाळ. मग त्याने उत्तरेच्या टेकड्यांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी गाठलं आणि ते भुयारी मार्गाने, नुसत्या उतारावर गावात आणलं. हीच नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या. वाटेत ठिकठिकाणी मॅनहोल ठेवली, म्हणजे गाळ काढता यावा. काही ठिकाणी उंच मनोरे बांधले. त्यात पाणी वर चढायचं, अडकलेली हवा सुटायची, गाळ खाली बसायचा.

पाणचक्कीसमोर तुम्ही सेल्फी काढलाच असेल. तिथल्या हौदात भिंतीवरून जे पाणी कोसळतं, ते अशाच एका नहरीचं. म्हणजे पाणचक्की हा शेवटचा स्टॉप आहे. मागची अख्खी लाइन मात्र आपल्याला माहीतच नाही. कुठे तिच्यावर घराचा पाया आलाय, कुठे मॅनहोलमध्ये कचरा पडतोय, कुठे बाजूलाच बोअर मारून तिचं पाणी ओढलं जातंय.

माझं म्हणणं साधं आहे. नुसती तिकीट लावलेली वास्तू दुरुस्त करून नहर वाचणार नाही. तिच्या वरून चालायला पायवाट हवी. जी गोष्ट रोज नजरेला पडते, तिच्यावर कुणी जेसीबी घातला तर चार माणसं ओरडतात. जी दिसतच नाही, ती कधी फुटली हेही कळत नाही.

पायवाटेने काय होतं, याचं एक उदाहरण वेल्समध्ये आहे. तिथला पॉन्टकिसिल्टे हा १८०५ सालचा जलसेतू. दरीवरून सुमारे ३८ मीटर उंचीवर कालवा जातो आणि त्याला लागूनच पायवाट. पूर्वी घोडे त्या वाटेने नावा ओढायचे. मालवाहतूक संपली, पण त्या कालव्यातून पाणी पुरवता येत होतं म्हणून तो बुजवला नाही. आज घोड्यांच्या वाटेवरून लोक चालतात आणि २००९ पासून तो जागतिक वारसा आहे. दगड तर आपल्याकडेही आहेत. त्यांच्यापाशी रोज जाणारी माणसं आपल्याकडे नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, ‘नहरीने आजच्या शहराची तहान भागणार आहे का?’ नाही भागणार. लोकसंख्या लाखांत गेली, त्यासाठी जायकवाडी लागणारच. पण पैठण आपल्यापेक्षा खाली आहे. तिथून ५० किलोमीटरच्या आसपास पाणी पंपाने चढवावं लागतं. वीज गेली की सप्लाय बंद. नहरीचं पाणी विजेशिवाय येतं. ते पिण्याला नको, पण बागा, झाडं, बांधकाम, गाड्या धुणं यासाठी का नको? या कामांना आज आपण टँकरचं किंवा नळाचं पाणी वापरतोच ना?

दुसरा आक्षेप पैशांचा. खर्च येईल, खरंय. पण पहिलं काम फुकटातलं आहे. नहरीची लाइन विकास आराखड्यावर ठळक दाखवा आणि तिच्या दोन्ही बाजूंना काही अंतरापर्यंत खोदकाम आणि बोअर बंद करा. मग गाळ काढा. मग दुरुस्ती, तीही चुन्यात. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि भिंत पोखरते. शेवटी मॅनहोल ते मॅनहोल मुरमाची साधी पायवाट. पेव्हर ब्लॉक नकोत, रंगीत लाइट तर मुळीच नकोत.

आणि आपण? एनएसएसच्या कॅम्पमध्ये दरवर्षी तेच रोपटं त्याच खड्ड्यात लावण्यापेक्षा एक रविवार नहरीला द्या. सिव्हिलवाल्यांनी उतार मोजावा, इतिहासवाल्यांनी जुने नकाशे काढावेत, बाकीच्यांनी प्रत्येक मॅनहोलचं लोकेशन आणि फोटो नोंदवावा. वरूनच हं, आत कुणीही उतरू नका, विषारी वायू असू शकतो. वस्तीतल्या आजोबांना विचारा, नहर कुठून जाते ते त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्यासोबत ते ज्ञानही जाणार आहे, म्हणून घाई करा. तयार झालेली यादी घेऊन महापालिकेत जा, पोच घ्या आणि महिन्याने पुन्हा जा.

पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी ‘पाणी कधी येणार?’ विचारलं, की उत्तर देण्याआधी एक काम करा. पाणचक्कीच्या हौदापाशी उभे राहा आणि पाणी येतं त्या दिशेने, उलटं चालत निघा. जिथे वाट संपेल, तिथपासून आपलं काम सुरू होतं.